चुनखडीतली झाडं

कुठलीही नवी वस्तू समोर आली, की खाणवाले काका आधी तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. कलिंगड असो, आमचं नवं कपाट असो, नाहीतर कुणी भाड्याने घ्यायला निघालेल्या फ्लॅटची भिंत असो. ऐकून झालं, की ठरलेलं वाक्य यायचं, "आत काय आहे ते वरून समजत नाही जी."

मग टकटक कशाला करता, असं विचारायची सोय नव्हती. विचारलं तर हसायचे. रियाधच्या बथा बाजारातला येमेनी कलिंगडवाला त्यांना लांबून पाहिलं की हात जोडायचा. ते गाडीवरची निम्मी कलिंगडं वाजवून त्यातलं एक निवडत आणि घरी आल्यावर ते हमखास फिकं निघे. काकू म्हणायच्या, यांनी जन्मभर दगड वाजवले, पण एक कलिंगड लाल निघालं नाही.

रियाधला आमच्या इमारतीत ते चौथ्या मजल्यावर राहायचे, आम्ही तिसऱ्या. इमारतीत मराठी घरं आम्ही धरून सहा. बाकी सगळे माझ्यासारखे, बँकेत नाहीतर आयटीत, दिवसभर एसीत बसणारे. काका तेवढे उन्हातले. शहरापासून दोनेक तासांवर तुवैक डोंगराच्या कड्यामागे चुनखडीची एक मोठी खाण आहे, तिथे ते खाण-इंजिनियर होते. आठवडाभर खाणीवरच्या कॅम्पात राहायचे आणि गुरुवारी संध्याकाळी घरी यायचे, तेव्हा त्यांच्या भुवयांवर पांढरी पूड असायची. इमारतीतली मुलं त्यांना 'माइन अंकल' म्हणत. त्याचंच आम्ही 'खाणवाले काका' केलं.

ते चंद्रपूर जिल्ह्यातले, राजुऱ्याच्या पुढचे. माझं बालपण नाशिकचं. त्यामुळे त्यांचं 'जी', 'बाप्पा' आणि 'काहून' ऐकायला मला फार आवडे. एकदा इमारतीच्या दारात, भर गर्दीत, ते मोठ्याने सांगत होते, "मी वयाच्या विसाव्या वर्षी पहिल्यांदा दारू भरली!" मी घाबरून इकडेतिकडे पाहिलं. या देशात तो शब्द जरा जपूनच उच्चारावा. शिवाय शेजारच्या किराणा दुकानातल्या हैदराबादी पोऱ्यांना तो नेमका कळतो. काकांना माझी भीती उशिरा लक्षात आली आणि मग ते जिन्यावर बसून हसत राहिले. त्यांची दारू सुरुंगाची होती.

पण त्या वाक्याच्या पुढचा भाग हसण्यासारखा नव्हता. तो मला बऱ्याच दिवसांनी कळला.

त्यांचं गाव चुनखडीवर वसलेलं. वर माती वीतभर, खाली सगळा पांढरा दगड. त्या दगडावर जंगल होतं. सालई, धावडा, खैर, तेंदू आणि मधूनमधून मोह. उन्हाळ्यात ते सगळं मेल्यासारखं उभं असे, काका सांगायचे, परका माणूस पाहील तर म्हणेल की हे सरपणाला न्या. आणि पाणी मिळालं की आठ दिवसांत इतकं दाट व्हायचं की आत शिरलेली गाय आवाजावरून शोधावी लागे. मग तिथे सिमेंटचा कारखाना आला. जंगल गेलं, शेतं गेली. जमीन गेलेल्या प्रत्येक घरातल्या एकाला नोकरी मिळाली. काकांच्या घरातून काकांना पाठवलं. ते सुरुंगाचं काम शिकले, परीक्षा देत देत वर चढले. आणि नोकरीच्या तिसऱ्या वर्षी खाण सरकत सरकत त्यांच्या स्वतःच्या शेताशी आली.

"बाबांच्या शेतात मीच दारू भरली," ते म्हणाले. "बांधावर मोहाचं झाड होतं. बाबा दूर उभे राहून पाहून राहिले होते. घरी आल्यावर मला म्हणाले, जेवून घे."

त्यानंतरची सगळी नोकरी त्यांनी चुनखडीतच काढली. आधी तिकडे, मग इकडे. दगड तोच, ते म्हणत, फक्त वरचा देश बदलला.

खाणीवर त्यांची एक सवय होती, ती मला त्यांच्या पाकिस्तानी डंपरवाल्याने सांगितली. सुरुंग उडवण्याआधी भोंगा वाजतो आणि माणसं लांब जातात, तो नियमच आहे. पण भोंग्याच्या आधी काका एकटे खडकाच्या कडेपर्यंत चालत जायचे, टाळ्या वाजवायचे आणि ओरडायचे, "चला, चला बाप्पा, बाहेर व्हा." पक्षी उडायचे, एखादा सरडा पळायचा. मग ते परत येऊन खूण करायचे. इतकी वर्षं हे ऐकून खाणीवरचे बंगाली, येमेनी, पठाण, सगळे एकमेकांना घाई करताना 'यल्ला' म्हणायच्या ऐवजी 'चला बाप्पा' म्हणू लागले होते. मी ते कानांनी ऐकलं आहे. पेशावरकडचा सहाफुटी माणूस डंपरमधून डोकं काढून 'चला बाप्पा' म्हणतो, तेव्हा आपण कुठे आहोत तेच कळत नाही.

एका हिवाळ्यात, शुक्रवारी, त्यांनी मला आणि माझ्या बायकोला खाणीकडे नेलं. काकूंनी पिठलं, भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. खाणीच्या अलीकडून एक कच्चा रस्ता फुटतो. दोन्ही बाजूंना नुसता पांढरा माळ, तव्यासारखा. माझी बायको माझ्याकडे बघत होती, की जेवायला इथे कशासाठी? आणि मग माळ एकदम फाटला. खाली एक अरुंद दरी होती आणि दरीत झाडं होती.

तुम्ही कधी रियाधच्या बाजूला फिरला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, झाड दिसलं की माणूस तिथे गाडी उभी करतो. इथे तर एका ओळीत लांबपर्यंत झाडं. बहुतेक तल्ह, म्हणजे आपल्या बाभळीची बहीण, छत्रीसारखी पसरलेली. मध्ये मध्ये सिद्र, म्हणजे चक्क बोर. खोडं इतकी जुनी की पिळून ठेवलेल्या धोतरासारखी दिसत होती. खाली दगडधोंडे, पण प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती तेवढी काळपट माती, त्यात बारीक गवत, मुंग्यांची रांग. एका काट्यावर मेलेला टोळ टोचून ठेवला होता. मी म्हटलं, हे कुणी केलं? काका म्हणाले, खाटीक पक्ष्याचं काम, हे त्याचं कोल्ड स्टोरेज. त्यांनी आम्हाला दब्बचं बीळ दाखवलं. आपल्या घोरपडीसारखा तो प्राणी, अर्धा बाहेर येऊन ऊन खात होता. आम्हाला पाहून मागच्या मागे आत गेला.

त्या दिवशी मी काकांना पहिल्यांदा घाईत पाहिलं. हे दाखवू की ते, असं त्यांना झालं होतं. हे सगळं एकमेकाला धरून आहे, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. झाडामुळे सावली, सावलीमुळे गवत, गवतामुळे किडा, किड्यामुळे पक्षी, पक्ष्यामुळे बोराची बी दुसरीकडे जाते. एक झाड म्हणजे एक गाव आहे, भाऊ.

"पण लहान झाड एकही दिसत नाही," माझी बायको म्हणाली.

काकांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. हेच तर त्यांना खात होतं. रोपं येत होती, पण उंट ती वाढू देत नव्हते. दरीत होती ती सगळी म्हातारी झाडं. मग त्यांनी आम्हाला आपलं गुपित दाखवलं. क्रशरच्या बाद झालेल्या लोखंडी जाळ्या आणून त्यांचे पिंजरे केले होते आणि प्रत्येक पिंजऱ्यात वीतभर तल्हचं रोप होतं. काकू म्हणाल्या, "घरी कधी कुंडीला पाणी घालत नाहीत बरं का." काका ऐकू न आल्यासारखं करून रोपांतला कचरा वेचत राहिले.

उंट ज्याचे होते तो म्हातारा बदू, म्हणजे वाळवंटातला भटका उंटपाळ, तिथेच पलीकडे तंबू ठोकून होता. त्याची आणि काकांची जुनी भांडणं. तो काठीने फांद्या वाकवून उंटांना खायला द्यायचा आणि काका त्याला चंद्रपुरी बोलीत रागवायचे. त्याला काही कळायचं नाही. तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि मग गहवा, त्यांची वेलचीची कॉफी, ओतायचा. दोघं चटईवर बसून मोडक्या अरबीत आणि त्याहून मोडक्या हिंदीत बोलायचे. ही झाडं त्याच्या आजोबांच्या वेळीही एवढीच होती, असं तो म्हणे. काका मला म्हणाले, थापा मारतो. पण त्यांना ते आवडलं होतं.

पुढच्या वर्षी खाण त्या दरीकडे सरकणार असं ठरलं.

हे काकांना कुणी सांगायची गरज नव्हती. खाण कुठून कुठे सरकेल याचा नकाशा त्यांनाच काढायचा होता. दोन गुरुवार ते घरी आले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी आले ते नेहमीसारखे चौथ्या मजल्यावर न जाता आमच्याकडेच बसले आणि चहा थंड होऊ देत बोलत राहिले. त्यांनी त्या बाजूचा दगड पुन्हा भोकं पाडून तपासला होता. दगड भेगाळलेला होता, भेगांमध्ये लाल माती भरलेली, सिमेंटसाठी तितकासा बरा नाही. हे खरं होतं, ओढूनताणून काढलेलं नव्हतं. तेवढ्या जोरावर त्यांनी मोठ्या साहेबांसमोर दुसरा नकाशा ठेवला. त्यात दरीच्या दोन्ही काठांना एक रुंद पट्टा हात न लावता सोडून खाण मागच्या माळावर वळवली होती.

मोठे साहेब जॉर्डनचे. काका त्यांच्याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. त्यांनी नकाशा दोन दिवस ठेवून घेतला, चार प्रश्न विचारले आणि मान्य केला. एवढंच नाही, पट्ट्याच्या कडेने खुणेचे खांब रोवून दिले, कुणी डंपर तिकडे वळवू नये म्हणून.

त्या शुक्रवारी काकांनी पाचही मराठी घरांत बसबूसा, म्हणजे इकडची रव्याची मिठाई, वाटला. लोकांना वाटलं मुलीचं लग्न ठरलं. त्यांची मुलगी पुण्याला शिकत होती, तिलाही फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, दॅट्स सो गुड. काकांनी ते वाक्य आम्हाला दोनदा ऐकवलं. एरवी स्वतःबद्दल फुशारकी मारणारा हा माणूस नव्हे. त्या दिवशी मात्र आमच्या बाल्कनीत उभे राहून म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा काहीतरी राखलं जी."

मला आजही त्यांचा तो चेहरा डोळ्यांसमोर आणता येतो. आणू नये असं वाटतं.

त्यानंतरचा हिवाळा चांगला होता. या भागात पाऊस येतो तेव्हा गोष्टी सांगाव्यात असा येतो. शाळांना सुट्टी, भुयारी रस्ते भरलेले, आणि मग आठवड्याभरात वाळवंटावर हिरवी साय. रियाधचे लोक तंबू घेऊन बाहेर पडले. आम्हीही काकांबरोबर निघालो. वाटेत ठिकठिकाणी गवत होतं, पिवळी फुलं होती, उंटाची पिल्लं बागडत होती. काकू खिडकीतून दाखवत होत्या. काका रस्त्यावरची नजर न काढता गाडी चालवत होते. त्यांनी आदल्या आठवड्यात दरी पाहिली होती.

दरीत गवत होतं, पण झाडं तशीच होती. पालवी नाही. जुनी पानंही करड्या रंगाची, हात लावला की हातात येणारी. खाली तांबडट पाचोळ्याचा थर.

मी म्हटलं, उशिरा फुटतील. काका म्हणाले, हं.

मग त्यांनी आम्हाला वर, खाणीच्या कडेवर नेलं. मागच्या माळावर गेल्या वर्षभरात खोल पायऱ्या पाडल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, डोळे दिपवणाऱ्या. आणि अगदी तळाशी पाणी होतं. हिरवंगार, आरशासारखं स्थिर. त्यावर बदकं उतरली होती. कुठून आली देव जाणे. दोन कामगार मोबाइलवर फोटो काढत होते. माझ्या बायकोच्या तोंडून निघून गेलं, किती सुंदर आहे.

"हे त्यांचं पाणी आहे," काका म्हणाले.

कुणालाच लगेच समजलं नाही. मग त्यांनी खाणीच्या भिंतीकडे बोट दाखवलं. उभ्या कापलेल्या दगडात काळ्या-लाल भेगा दिसत होत्या, काही केसासारख्या, काहींत हात जाईल एवढ्या. त्यांतून अजून पाणी ठिबकत होतं. मग सांगू लागले. त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं, की ती झाडं दरीतून वाहणाऱ्या पुरावर जगतात. म्हणून त्यांनी दरी राखली, काठ राखला. पण दरीतला पूर दोन तासांत वाहून जातो, त्याने झाडाची तहान भागत नाही. खरं पाणी पडत होतं मागच्या माळावर, जिथे गवताची काडीही नव्हती. ते भेगांतून आत मुरायचं, दगडाच्या पोटातून हळूहळू चालत महिनोन्‌महिने दरीच्या बुडाशी पोचत राहायचं. म्हणून झाडं तिथे होती. आणि दरी वाचवण्यासाठी खाण वळवली ती नेमकी त्या माळावर. भेगा मध्येच कापल्या गेल्या. पाणी आता दरीपर्यंत जात नव्हतं, खड्ड्यात उतरत होतं.

"दरी खोदली असती तं झाडं गेली असती," ते म्हणाले. "नाही खोदली तरी गेली. मग मी काय केलं?"

काकूंनी पदराने त्यांच्या भुवयांवरची पूड पुसली.

पुढचे काही महिने काका टँकरच्या मागे होते. खाणीतलं पाणी तसंही पंपाने उपसून टाकायचंच होतं. मोठ्या साहेबांनी त्यातून टँकर भरायला परवानगी दिली, ड्रायव्हरही दिला. काका स्वतः नळी धरून झाडाझाडाला पाणी देत. पण वरून घातलेलं पाणी वीत-दीड वीत जाई आणि उन्हाने परत वर येई, आणि येताना दगडातला क्षार घेऊन येई. बुंध्यांभोवती पांढरी पापडी धरू लागली. मग त्यांनी झाडांजवळ खोल भोकं पाडून त्यात पाइप उतरवले, सुरुंगासाठी पाडतात तशीच. पाणी पाइपातून सरळ खाली नाहीसं व्हायचं. कुठे जायचं, झाडाला मिळायचं की नाही, ते कळत नव्हतं. त्यांनी कृषी खात्यातल्या एका माणसाला आणलं. तो सज्जन होता. त्याने दोन तास फिरून पाहिलं, फोटो घेतले आणि म्हणाला, तुम्ही करताय ते करत राहा. म्हणजे त्यालाही काही सुचत नव्हतं.

उन्हाळा आला तेव्हा पिंजऱ्यातली रोपं आधी गेली. वरचं पाणी त्यांना पुरेल असं काकांना वाटलं होतं, पण पापडीने ती जळली.

म्हाताऱ्या बदूने तंबू हलवायला घेतला त्या दिवशी मी योगायोगाने काकांबरोबर होतो. त्याची पिकअप भरलेली होती, उंट पुढे गेले होते. काका त्याच्याजवळ गेले. म्हातारा दरीकडे पाहत म्हणाला, "मोया खलास." पाणी संपलं. त्यात तक्रार नव्हती. तो काकांना दोष देत नव्हता. मला वाटतं त्याने शिव्या दिल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्याने त्यांच्या दोन्ही गालांना गाल लावले आणि गाडीत बसला.

परत येताना शहराचे दिवे दिसू लागले तेव्हा काका म्हणाले, "मोठ्या साहेबांनी काही वाईट केलं नाही. त्या बुढ्यानं नाही केलं. मीबी मनापासून केलं. मग हे झालं काहून?"

मी नेहमीची वाक्यं म्हणून पाहिली. की पाऊसमान बदललं आहे, की झाडं म्हातारीच होती, की खाण कुठेतरी होणारच होती. ते ऐकत होते. सभ्य माणूस जसं दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देतो तसं.

काकू घरी त्यांना सांगायच्या, तुम्ही नसते तं दुसरा कोणी असता. काका म्हणायचे, दुसरा असता तं त्याला झोप लागली असती.

त्या वर्षी ते बदलले. लोकांना फारसं कळलं नाही, कारण ते आधीही स्वतःबद्दल फार बोलणाऱ्यांतले नव्हते. गुरुवारी यायचे, पूड झटकायचे, मुलांना खजूर द्यायचे. खाणीवरचा पठाण मात्र मला म्हणाला, आजकल साहब किनारे तक नहीं जाते. सुरुंगाआधी टाळ्या वाजवायला जाणं त्यांनी सोडलं होतं. भोंगा वाजायचा, बस. कामगारांना चुकल्यासारखं वाटे. म्हणून त्यांच्यातलाच कुणीतरी लांबून 'चला बाप्पा' ओरडायचा.

इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, मुदत संपत आली तेव्हा कंपनी आणखी दोन वर्षं ठेवून घ्यायला तयार होती. काकांनी नको म्हटलं. कायमचं परत जायचा फायनल एक्झिट लावून घेतला. काकूंना आनंद व्हायला हवा होता, त्या कधीच्या परत जायचं म्हणत होत्या. पण सामान बांधताना मला म्हणाल्या, "जायचं तं आहे, पण हे जाऊन बसतील कुठे?" गावाच्या जागी तर खाण होती. चंद्रपूरला त्यांनी फ्लॅट घेऊन ठेवला होता. दुसऱ्या मजल्यावर, खाली रस्ता, रस्त्यावर दिवसभर सिमेंटचे ट्रक.

निरोपाच्या जेवणाला पाचही घरं आली होती. भाषणं झाली. कुणी म्हणालं, काकांनी या देशात केवढ्या इमारती उभ्या राहायला दगड दिला. टाळ्या वाजल्या. काकांनी हात जोडले. निघताना विमानतळावर त्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. मला वाटलं, आता म्हणतील, अधूनमधून दरीकडे जात जा, पाणी घाल. मी हो म्हणायची तयारीही केली होती. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. "बायकोला सांभाळ. उन्हात जास्त फिरू नको," एवढंच म्हणाले, आणि सरकत्या रांगेत शिरले. त्या रांगेत सगळ्यांच्याच हातात मोठ्या बॅगा असतात, त्यामुळे त्यांची पाठ लगेच दिसेनाशी झाली.

पुढच्या हिवाळ्यात मी आणि बायको दोघंच गेलो. जायलाच हवं होतं असं नाही. पाऊस झाला होता, शुक्रवार होता, गाडी आपोआप त्या बाजूला वळली.

दरीच्या तोंडाशी आता एक नवा फलक होता, अरबी आणि इंग्रजीत. या भागात झाडं तोडणं, फांद्या तोडणं, जाळ करणं यांना सक्त मनाई आहे, दंड होईल. देशभर असे फलक लागत आहेत आणि ते चांगलंच आहे. फलकाच्या मागे काकांची झाडं उभी होती. एकही तोडलेलं नव्हतं. कुणी फांदीलाही हात लावलेला नव्हता. सगळी वाळून पांढरी पडली होती, दगडासारखी. दरीच्या अगदी खालच्या वळणावर एका बोरीला थोडा पाला होता. बायको म्हणाली, हिला पाणी कुठून मिळालं असेल? मी कड्याकडे पाहिलं. आत कुठे कोणती भेग गेली आहे, हे बाहेर उभं राहून कसं सांगणार?

त्या बोरीचा फोटो काकांना पाठवावा असं माझ्या मनात आलं. पण तो फोटो कुठूनही घेतला तरी तिच्या मागे बाकीची झाडं येत होती. मी मोबाइल खिशात ठेवला.

काकूंचा फोन महिन्यातून एकदा येतो. त्या सगळं सांगतात. मुलीचं ठरत आलंय, भाजी फार महाग झालीय, यांचे गुडघे दुखतात. सकाळी उठून गॅलरीत बसतात ते बसतात. मग फोन काकांकडे देतात. काका माझ्या नोकरीचं विचारतात, बायकोचं विचारतात, इमारतीतली लिफ्ट सुरू झाली का विचारतात. दरीचं कधी विचारत नाहीत. मीही काढत नाही. असं आमचं न ठरवता ठरलं आहे.

गेल्या खेपेला फोन ठेवता ठेवता थांबले.

"पाऊस पडला का तिकडं?" त्यांनी विचारलं.

दोघांनाही ठाऊक होतं, की पडलेलं पाणी कुठे जातं. पण विचारलं होतं, तर सांगायला हवं होतं.

"पडला, काका. चांगला पडला यंदा."

पलीकडून ट्रकांचा आवाज येत राहिला. मग ते "बरं झालं" म्हणाले, आणि फोन काकूंकडे दिला.